जॉर्ज कुलासोंच्या निळ्या भिंती

पोर्तोच्या सांव बेंतो स्थानकात गाडी पकडायला आलेला माणूस आणि भिंती पाहायला आलेला माणूस लगेच वेगळे ओळखू येतात. पहिला नाकासमोर बघत फलाटाकडे जातो. दुसरा दारातून आत येतो, चार पावलांवर थबकतो, मान वर करतो आणि मागून येणाऱ्यांच्या वाटेत उभा राहतो. स्थानकाचे हे दालन तसे मोठे नाही; मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पसाऱ्यापुढे ते लहानच ठरेल. पण त्याच्या भिंतींवर रंगवलेल्या सुमारे 20,000 टाइल्स आहेत आणि त्यांनी 551 चौरस मीटर जागा व्यापली आहे. या सगळ्या एका माणसाने आखल्या आणि रंगवल्या. त्याचे नाव जॉर्ज कुलासो. आडनाव वाचून गोव्यातला वाचक दचकेल, पण हे कुलासो गोव्याचे नव्हेत. त्यांचा गोव्याशी संबंध मात्र आहे, आणि तो बराच गुंतागुंतीचा आहे. त्याकडे पुढे येतो.

स्थानकातल्या मोठ्या पटांवर पोर्तुगालच्या इतिहासातले प्रसंग आहेत. 1387 मध्ये राजा पहिला जुवांव इंग्लंडच्या लँकास्टर घराण्यातल्या फिलिपाशी लग्न करायला पोर्तोत आला, ती मिरवणूक आहे. 1415 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सेउता जिंकले, ती लढाई आहे. सर्वांत वर रंगीत पट्टा फिरतो. त्यात माणसाच्या प्रवासाची साधने एकामागून एक येतात, कारण शेवटी हे रेल्वे स्थानक आहे. द्राक्षांची तोडणी, पाणचक्की, दोरू नदीवरून निघालेली दारूची पिंपे असे उत्तर पोर्तुगालच्या खेड्यापाड्यातले देखावेही आहेत. मला विचाराल तर लढायांपेक्षा ते अधिक जिवंत उतरले आहेत.

एक पट मात्र लढायांमध्ये मोडत असूनही वेगळा आहे. दंतकथा अशी की, पोर्तुगालचा पहिला राजा होऊ घातलेला आफोंसो एन्रिकेस लेओनच्या राजाच्या वेढ्यात सापडला. तेव्हा त्याचा पालक एगास मोनिझ याने राजाला शब्द दिला: वेढा उठवा, आमचा राजपुत्र तुमचे मांडलिकत्व मान्य करील. वेढा उठला, पण राजपुत्राने शब्द पाळला नाही. मग एगास मोनिझ बायकामुलांसह, गळ्यात दोर अडकवून, लेओनच्या राजासमोर जाऊन उभा राहिला: शब्द मी दिला होता, आता आमचे जीव घ्या. राजाने त्याला सोडून दिले. कुलासोंनी नेमका हा क्षण रंगवला आहे. सिंहासनावरचा राजा, भोवतीचे दरबारी, आणि समोर गळ्यात दोर घातलेले कुटुंब. विजयांच्या गर्दीत एका शरमेच्या प्रसंगाला इतकी मोठी भिंत द्यावी, हे कौतुकाचे आहे.

या भिंती कुलासोंकडे 1905 मध्ये आल्या. स्थानकाचे वास्तुकार जोझे मार्केस दा सिल्वा. जागा होती बेनेदिक्तिन जोगिणींच्या जुन्या मठाची. इमारतीचा पायाभरणी समारंभ 1900 मध्ये राजा पहिला कार्लोस याच्या हस्ते झाला होता. 1908 मध्ये लिस्बनच्या रस्त्यावर त्याच राजाला गोळ्या घालून मारले. 5 ऑक्टोबर 1910 रोजी राजेशाहीच संपली आणि पोर्तुगाल प्रजासत्ताक झाला. स्थानकाचे रीतसर उद्घाटन झाले 5 ऑक्टोबर 1916 रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या सहाव्या वाढदिवशी. राजे, राजपुत्र आणि सरदार यांनी भरलेल्या भिंतींचे उद्घाटन राजे हाकलून देणाऱ्यांनी केले. आणि त्या भिंती रंगवणारा माणूस कट्टर राजेशाहीवादी होता.

कुलासोंचा जन्म 1868 मध्ये मोरोक्कोतल्या टँजियरमध्ये झाला. त्यांचे घराणे पिढ्यानपिढ्या तिथे पोर्तुगालचे वाणिज्यदूत म्हणून काम करत होते. म्हणजे ज्या देशात भिंती रंगीत चिनी मातीच्या तुकड्यांनी सजवण्याची कला शतकानुशतके नांदत होती, तिथे या मुलाचे डोळे उघडले. घोडेही त्यांनी तिथेच पाहिले असणार. त्यांच्या लढायांमधले घोडे माणसांपेक्षा जास्त पटतात, याचे कारण मी तरी तिथेच शोधतो. पुढे त्यांचे शिक्षण लिस्बन, माद्रिद आणि पॅरिसमध्ये झाले. पॅरिसमध्ये ते फर्नां कोर्मों यांच्या चित्रशाळेत शिकले. व्हॅन गॉग आणि तुलूझ-लोत्रेक हेही याच कोर्मोंकडे काही काळ होते. तिघांनी एकाच गुरूकडून काय काय उचलले, याची तुलना करायला गेले तर हसू येते. व्हॅन गॉगने जवळजवळ काहीच घेतले नाही. कुलासोंनी ऐतिहासिक प्रसंगांची भव्य, नाट्यपूर्ण मांडणी पुरती आत्मसात केली.

लिस्बनमध्ये त्यांचे पहिले नाव झाले ते व्यंगचित्रकार म्हणून. वर्तमानपत्रांच्या विनोदी पुरवण्यांसाठी ते चित्रे काढत. राजेशाही गेल्यावर 1913 मध्ये 'ओ थालासा' नावाचे उपहासात्मक साप्ताहिक निघाले, त्याच्या चालकांपैकी ते एक होते. राजाच्या बाजूच्या लोकांना तेव्हा चिडवून 'थालासा' म्हणत, आणि यांनी ती शिवीच मथळ्यावर मिरवली. 1915 पर्यंत त्याचे अंक निघत राहिले. म्हणजे एका हाताने ते प्रजासत्ताकाच्या मंत्र्यांची टर उडवत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच राजवटीच्या रेल्वे स्थानकाच्या भिंती रंगवत होते. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध नाही असे मला वाटत नाही. व्यंगचित्रकाराला एक गोष्ट पक्की कळते: दुरून पाहणाऱ्यालाही कोण राजा आणि कोण चाकर हे एका नजरेत कळले पाहिजे. सांव बेंतोच्या घाईतल्या प्रवाशाला ते कळते.

त्यांच्या पत्नी ब्रांका दि गोंता कुलासो स्वतः कवयित्री होत्या, मुलगी आना शिल्पकार झाली, मुलगा तोमास लेखक झाला. ब्रांका यांचे वडील कवी आणि राजकारणी तोमास रिबेरो. हे नाव ध्यानात असू द्या.

आता टाइलकडे वळू. पोर्तुगीज अझुलेजो म्हणजे मूलतः मातीची चौरस लादी. पारंपरिक माप साधारण 14 सेंटिमीटर. माती मळायची, चौकटीत थापायची, सावलीत वाळवायची, आणि सुमारे एक हजार अंश तापमानाला एकदा भाजायची. मग तिच्यावर पांढरा लेप ओतायचा. हा लेप शिसे आणि वाळू यांचा असतो आणि त्यात कथलाचे भस्म मिसळलेले असते. कथलामुळे तो दुधासारखा पांढरा आणि अपारदर्शक होतो. लेप वाळला की तो चुन्याच्या सफेदीसारखा भुकटी-भुकटी बसतो. चित्र काढायचे ते या भुकटीवर.

आधी कागदावर पूर्ण आकाराचे चित्र तयार असते. त्याच्या रेषांवर सुईने भोके पाडलेली असतात. तो कागद टाइल्सवर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पोटली वरून थोपटायची. आपल्याकडे रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद ठेवून वरून पूड चाळतात, तसेच. कागद उचलला की टाइलवर ठिपक्यांची रेघ उमटते. मग कुंचला. इथे खरी कसोटी लागते. भुकटीसारखा लेप रंग टिपकागदासारखा शोषून घेतो, त्यामुळे ओढलेली रेघ पुसता येत नाही, खोडता येत नाही, तिच्यावर थांबून विचारही करता येत नाही. कुंचला थबकला की तिथे डाग. शिवाय रंगवताना जे दिसते ते खरे नसतेच. रंग म्हणजे धातूंची भस्मे: निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबे, जांभळट तपकिरीसाठी मँगनीज, पिवळ्यासाठी अँटिमनी. कोबाल्टचे भस्म कुंचल्यावर काळपट राखाडी दिसते. त्याचा निळा रंग दुसऱ्यांदा भट्टीत गेल्यावर, लेप वितळून काच झाल्यावर उमटतो. चित्रकार राखाडी रंगवत असतो आणि मनात निळा धरून असतो.

प्रत्येक टाइलच्या पाठीवर अक्षर आणि आकडा लिहितात: ओळ कोणती, रकाना कोणता. भिंतीवर बसवणारा गवंडी चित्र पाहत नाही, पाठ वाचतो. एक टाइल चुकीच्या जागी बसली की राजाच्या हनुवटीखाली घोड्याचा खूर येतो. जुन्या इमारतींमध्ये पडझड झाल्यावर घाईघाईने पुन्हा बसवलेले असे घोटाळे अजून पाहायला मिळतात, आणि मला त्यांची मजा वाटते.

हे तंत्र पोर्तुगालने शोधलेले नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएल याने सिंत्राच्या राजवाड्यासाठी स्पेनमधल्या सेव्हिलहून मुसलमानी धाटणीच्या टाइल्स आणवल्या. कथलाच्या लेपावर मोकळेपणाने चित्र काढण्याची युक्ती इटालियन कारागिरांकडून आली. सतराव्या शतकात गालिच्यासारखे एकसलग नक्षीकाम आले. त्याच शतकात वेदीच्या दर्शनी भागावर लावायच्या टाइल्सवर पोर्तुगीज कारागीर चक्क भारतातून आलेल्या छापील आणि भरतकाम केलेल्या कापडाची नक्कल करू लागले: फांद्या, फुले, पक्षी, मोर. गोव्यामार्गे लिस्बनला उतरणारे कापड महाग पडे आणि कालांतराने विरून जाई. टाइल स्वस्त आणि कायमची. वेलबुट्टीची ती वेदीपुढची पोर्तुगीज टाइल पाहिली तर मराठी डोळ्याला ती कुठल्यातरी पासोडीसारखी ओळखीची वाटेल.

निळ्या-पांढऱ्याचे वेड नंतर आले. चीनच्या पोर्सेलिनचे युरोपभर कौतुक होते, डच लोकांनी त्याच्या नकलेवर डेल्फ्टच्या टाइल्स केल्या, आणि सतराव्या शतकाच्या शेवटी त्या लिस्बनच्या श्रीमंतांना इतक्या आवडल्या की 1687 ते 1698 या काळात बाहेरून टाइल्स आणण्यावर बंदीच घालावी लागली. त्यानंतर पोर्तुगीज चित्रकारांनी स्वतः कुंचला उचलला आणि त्या कलेचा सर्वांत समृद्ध काळ सुरू झाला. लिस्बनच्या मादर दि देऊश मठातल्या राष्ट्रीय अझुलेजो संग्रहालयात साधारण 1700 च्या सुमाराचा एक पट आहे, लांबी जवळजवळ 23 मीटर. त्यात लिस्बनचा अख्खा नदीकाठ आहे: राजवाडे, चर्चे, धक्के, होड्या. 1755 च्या भूकंपाने यातले बरेचसे जमीनदोस्त केले. त्या शहराचा चेहरा पाहायचा असेल तर या टाइल्सकडे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात टाइल घराबाहेर पडली. कारखान्यांत ठशांनी हजारोंनी निघू लागली आणि घरांच्या दर्शनी भिंतींवर चढली. पावसापासून भिंतीचे रक्षण आणि वर शोभा. पण चित्र या प्रकाराला तेव्हा उतरती कळा लागली होती. कुलासो या क्षेत्रात उतरले ते अशा वेळी, आणि कारखान्याच्या दारातून.

लिस्बनजवळ साकावें इथे चिनी मातीच्या वस्तूंचा मोठा कारखाना होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झालेला, बराच काळ इंग्रज मालकांच्या हाती असलेला. कुलासोंनी सांव बेंतोचे काम तिथे केले. हा कारखाना जुन्या कुंभारवाड्यापेक्षा वेगळा: बारीक दळलेली पांढरी माती, यंत्रावर दाबलेली एकसारखी टाइल, आधीच भाजून चकचकीत झालेला पृष्ठभाग. कुलासो या तयार चकाकीवर रंगवत आणि टाइल कमी तापमानाला पुन्हा भाजून घेत. या पद्धतीत रंग शोषला जात नाही. म्हणून त्यांना जलरंगासारखे पातळ थर देता आले, दूरचे डोंगर धुक्यात विरवता आले, ढगांना मऊ कडा देता आल्या. अठराव्या शतकातल्या उस्तादाला हे शक्य नव्हते आणि त्याने ते केलेही नसते.

इथेच कुलासोंवरचा मोठा आक्षेप सुरू होतो, आणि तो मला अर्धा मान्य आहे. जुना कारागीर टाइलची मर्यादा मान्य करून काम करायचा: रेघ ठसठशीत, जागा सपाट, नक्षी टाइलच्या चौकोनात बसणारी. कुलासोंनी टाइलला कॅनव्हास मानले. त्यांच्या चित्रांतल्या चेहऱ्यांवरून सांधे खुशाल जातात. एका सरदाराचा डोळा एका टाइलवर आणि दुसरा शेजारच्या टाइलवर. जणू चौकोन तिथे नाहीतच. शुद्धतावादी म्हणतात, ही टाइलवर चढवलेली तैलचित्रे आहेत. बरोबर आहे. पण हेच म्हणणाऱ्याने सांव बेंतोत जरा बाजूला उभे राहून पाहावे. दुपारच्या तिरप्या उजेडात प्रत्येक टाइल आपापल्या किंचित वेगळ्या कोनातून प्रकाश परतवते आणि ती मोठी लढाई हलके हलके लुकलुकते. तैलचित्रात हे कुठून येणार? चित्रकाराने माध्यमाकडे दुर्लक्ष केले तरी माध्यमाने आपले काम केले आहे.

सांव बेंतोशिवायही त्यांना कामाची कमतरता पडली नाही. मध्य पोर्तुगालातल्या बुसाकोच्या जंगलात राजघराण्यासाठी बांधायला घेतलेल्या आणि पुढे हॉटेल झालेल्या वाड्यात त्यांचे पट आहेत. काही पोर्तुगीज कवी कामोंइशच्या 'लुझियादास' या महाकाव्यावर, काही 1810 मध्ये तिथेच झालेल्या नेपोलियनच्या सैन्याविरुद्धच्या लढाईवर. ब्राझीलच्या स्वातंत्र्याची शंभरी 1922 मध्ये रिओत साजरी झाली, तेव्हा पोर्तुगालने उभारलेल्या दालनातही त्यांच्या टाइल्स होत्या. ते दालन नंतर सुटे करून लिस्बनला आणले आणि तिथे पुन्हा उभारले. आज ते 1984 च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या कार्लोस लोपेस यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे कुलासो लिस्बनच्या लुझितानिया कारखान्याकडे वळले आणि शेवटपर्यंत तिथे काम करत राहिले. त्या कारखान्याच्या जागेवर पुढे एका बँकेचे मुख्यालय उभे राहिले. साकावेंचा कारखानाही 1994 मध्ये बंद पडला. तिथली 18 क्रमांकाची भट्टी राखून तिच्याभोवती संग्रहालय केले आहे.

पोर्तो शहरात फिरताना एक गैरसमज वारंवार कानावर येतो: निळी भिंत दिसली की ती कुलासोंची. तसे नाही. सांता कातारिना रस्त्यावरचे आत्म्यांचे चॅपेल, ज्याच्यासमोर प्रवासी सर्वांत जास्त छायाचित्रे काढतात, ते 1929 मधले काम एदुआर्दो लेइते यांचे. कार्मो चर्चची भलीमोठी बाजूची भिंत 1912 ची, ती सिल्वेस्त्रो सिल्वेस्त्री यांची. कुलासोंचे म्हणून पाहायचे असेल तर सांतो इल्देफोंसो चर्चकडे जावे. चर्च अठराव्या शतकातले, पण दर्शनी भागावरच्या सुमारे 11,000 टाइल्स 1932 मधल्या. पावसानंतर ओल्या भिंतीवर उजेड पडतो तेव्हा तिथला निळा सर्वांत गहिरा दिसतो.

कुलासो 1942 मध्ये गेले. त्यांच्यानंतरच्या पिढीने त्यांच्या वाटेकडे पाठ फिरवली आणि ते योग्यच झाले. जॉर्ज बारादास यांनी चाळिशीच्या दशकात सिरॅमिकला पुन्हा हाताच्या कामाकडे नेले. मारिया काईल यांनी 1959 मध्ये सुरू झालेल्या लिस्बन मेट्रोच्या स्थानकांसाठी राजे-सरदार पूर्णपणे बाजूला ठेवून नुसत्या भौमितिक आकारांच्या भिंती केल्या; पैसे कमी, जागा प्रचंड, आणि परिणाम थक्क करणारा. चित्रकार आणि सिरॅमिस्ट मानुएल कार्गालेइरो यांच्या टाइल्स लिस्बनच्या मेट्रोत आहेत आणि पॅरिसच्या शाँझेलीझे-क्लेमांसो मेट्रो स्थानकातही. कारागिरीच्या कसोटीवर मी काईल यांना कुलासोंच्या वर ठेवतो. त्यांनी टाइलला टाइल राहू दिले.

सरकारदरबारी या कलेला मान मिळाला तो उशिराने. 1981 ते 1985 अशी पाच वर्षे पोर्तुगालच्या टपाल खात्याने 'अझुलेजोची पाच शतके' ही तिकिटांची मालिका काढली. चौकोनी टाइल आणि टपालाचे तिकीट यांचे प्रमाण छान जुळते, आणि या मालिकेमुळे सिंत्राच्या राजवाड्यापासून विसाव्या शतकापर्यंतच्या टाइल्स पाकिटांवर चिकटून जगभर गेल्या. पण त्याच काळात आणि त्यानंतरही जुन्या घरांवरच्या टाइल्स रात्री उचकटून लिस्बनच्या जुन्या बाजारात विकल्या जात होत्या. चोऱ्या इतक्या वाढल्या की 2007 मध्ये गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयानेच टाइल-संरक्षणाची मोहीम सुरू केली. 2017 मध्ये कायदा झाला: दर्शनी भागावर अझुलेजो असलेल्या इमारतींवरच्या टाइल्स परवानगीशिवाय काढता येणार नाहीत. पर्यटकाने आठवण म्हणून विकत घेतलेली जुनी सुटी टाइल कुणाच्या तरी भिंतीवरची असते, हे लक्षात घेतलेले बरे.

आणि आता पणजी.

1870 मध्ये तोमास रिबेरो पोर्तुगीज हिंदुस्थानच्या सरकारचे मुख्य सचिव म्हणून गोव्यात आले. कवी माणूस, लिस्बनच्या तेजू नदीपासून मांडवीपर्यंतच्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले. 1871 मध्ये त्यांच्या पुढाकाराने पणजीत साहित्य आणि विद्येसाठी वास्को द गामाच्या नावाची एक संस्था स्थापन झाली. काही वर्षांत ती मंदावली, विसाव्या शतकाच्या विशीत पुन्हा उभी राहिली. तिच्या इमारतीच्या प्रवेशदालनासाठी 1935 मध्ये पोर्तुगालहून अझुलेजो आले. विषय कामोंइशच्या 'लुझियादास'मधले प्रसंग. चित्रकार जॉर्ज कुलासो. सासऱ्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या भिंती जावयाने रंगवल्या, आणि तोपर्यंत सासऱ्यांना जाऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

'लुझियादास' 1572 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा कवी कामोंइश स्वतः 1553 मध्ये गोव्यात उतरला होता. वास्को द गामाच्या सफरीवरचे हे महाकाव्य म्हणजे पोर्तुगीज अभिमानाचा गाभा. ते गोव्याच्या भिंतीवर कधी आले, हे पाहण्यासारखे आहे. 1930 मध्ये पोर्तुगालने वसाहती कायदा करून गोवेकरांना दुय्यम ठरवले होते. 1933 पासून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट रीतसर राज्यघटनेसह स्थिरावली होती, आणि तिला इतिहासातल्या शौर्याची चित्रे फार प्रिय होती. तेव्हा पणजीतले हे पट म्हणजे नुसती सजावट समजू नये. त्या काळात शब्दाशिवाय सांगायची गोष्ट त्यांनी सांगितली: आम्ही कोण आणि तुम्ही कोण.

त्याच काळात गोव्यात हे ऐकून न घेणारा एक माणूस होता. चांदरचे लुईस दि मिनेझिस ब्रागांझा. पत्रकार, प्रजासत्ताकवादी, 1900 मध्ये निघालेल्या 'ओ हेराल्दो' या दैनिकाचे एक संस्थापक. 1930 मध्ये त्यांनी गोव्याच्या कायदे मंडळात वसाहती कायद्याच्या विरोधात, गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काच्या बाजूने ठराव मांडला. 1938 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. गोवा मुक्त झाल्यावर वास्को द गामाचे नाव काढून या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. आज ती इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा. नाव बदलले, भिंती तशाच ठेवल्या. राजेशाहीवादी चित्रकाराने काढलेला पोर्तुगीज पराक्रम आता एका प्रजासत्ताकवादी गोवेकराच्या छपराखाली आहे.

ते पट उखडून टाकले नाहीत, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. ते उखडले असते तर आपण काय झुगारले याचा पुरावाच गेला असता, आणि एका चांगल्या कारागिराचे काम गेले असते. गोव्यात अझुलेजोची परंपरा पोर्तुगालइतकी कधीच फोफावली नाही. जुन्या गोव्याच्या चर्चांत तिच्यापेक्षा रंगवलेल्या भिंती आणि लाकडावरचे सोनेरी काम अधिक. आज पणजीच्या फोंतेन्यश भागातल्या गल्ल्यांची आणि घरांची नावे निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर दिसतात, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रे टाइल्सवर उतरलेली मिळतात. हा अलीकडचा, आणि मला आवडणारा बहर आहे. पण मोठ्या पटांचे, सरळ पोर्तुगालच्या उस्तादाच्या हातचे काम पाहायचे तर आझाद मैदानाजवळच्या या दालनासारखी जागा आपल्याकडे दुसरी मला ठाऊक नाही.

पणजीला जाल तेव्हा अर्धा तास या इमारतीसाठी ठेवा. आधी दूर उभे राहून प्रसंग ओळखायचा प्रयत्न करा. मग अगदी जवळ जा आणि चित्र विसरून टाइल पाहा: सांधे कुठून गेले आहेत, निळा कुठे पातळ आहे आणि कुठे दाटला आहे, कुंचला कुठे भराभर फिरला आहे. दाराशी मिनेझिस ब्रागांझांचे नाव वाचा, आणि ही संस्था रिबेरोंनी काढली होती हेही आठवा. फक्त भिंतीला पाठ टेकून फोटो काढू नका. नव्वद वर्षांच्या या टाइल्स फुटल्या तर बदलून मिळायच्या नाहीत.